नमुन्याचं बटण

१

बटणवाले म्हणायचे, पसारा असं काही नसतंच. लोक ज्याला पसारा म्हणतात तो फक्त न लावलेला माल. आणि माल लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. शाळा सातवीत सुटली, पण पुढची बेचाळीस वर्षं दोरे-बटणांच्या दुकानात उभ्या उभ्या गेली. गिऱ्हाइकाने मूठ उघडायच्या आत, आतलं बटण शिंपल्याचं की प्लास्टिकचं हे ते नुसत्या आवाजावरून सांगत. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा दुकान पुतण्याच्या हाती दिलं. पुतण्याने विचारलं, "काका, एवढा सगळा माल लक्षात कसा ठेवायचा?" तर म्हणाले, "लक्षात कशाला ठेवतोस? खोक्यात ठेव."

घरात मात्र मागच्या खोलीत त्यांची सत्ता चालत नसे. ती खोली बायकोची. विणकाम, भरतकाम, कापडी बाहुल्या, मण्यांच्या पिशव्या, काय वाटेल ते तिथे तयार व्हायचं. ती जाऊन आठ महिने झाले होते. त्यानंतर बटणवाल्यांनी त्या खोलीचं दार केर काढण्यापुरतंच उघडलं होतं.

सोमवारी सकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, रविवारी पाचपर्यंत येतो आम्ही दोघी. मागची खोली होईल ना रिकामी? पाळणा तिथेच लावावा लागेल."

"होईल की."

"आईच्या सामानाचं काय करणार?"

"लावणार."

"सगळं लावत बसू नका हो. टाकायचं ते टाका."

"तू तुझी पोर सांभाळ, मी माझा माल सांभाळतो."

लेक हसली, मग जरा थांबून म्हणाली, "आणि बटणं सापडली का?"

हा प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक होतं. बायकोने शेवटच्या दिवसांत दवाखान्याच्या खाटेवर बसून नातीसाठी स्वेटर विणला होता. नात तेव्हा जन्मायची होती. स्वेटर पुरा झाला, सात काजं झाली, बटण मात्र एकही लागलं नाही. बटणवाले म्हणाले होते, "उद्या दुकानातून आणतो, पांढरी, शिंपल्याची." त्यावर ती म्हणाली, "अहो, बटणं तुम्ही नका निवडू. मी काढून ठेवलीत." कुठे, ते उद्या विचारू असं त्यांनी ठरवलं. तो उद्या आला तेव्हा उत्तर द्यायला ती नव्हती.

"शोधतो," ते म्हणाले.

"रविवारी घालायचाच तिला. झपाट्याने वाढतेय. आता घातला नाही तर पुढच्या महिन्यात अंगात शिरायचा नाही."

"म्हटलं ना, शोधतो."

२

कपाटाला पाच फळ्या होत्या आणि त्यांवर बत्तीस खोकी. खोकी दुकानातलीच, लांबट, पुठ्ठ्याची. लावायची पद्धतही दुकानातलीच, नवऱ्याला नावं ठेवत ठेवत तिने उचललेली. प्रत्येक खोक्याच्या तोंडावर आतल्या मालाचा एक नमुना दोऱ्याने बांधलेला: बटणांच्या खोक्यावर बटण, मण्यांच्या खोक्यावर मणी, लेसच्या खोक्यावर बोटभर लेस. लगेच लागणारा माल हाताच्या उंचीवर, सावकाश लागणारा तळाच्या फळीवर.

या पद्धतीत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. खोकं रिकामं झालं तरी नमुना जागेवर राहतो. नमुना आहे आणि आत माल नाही, याचा अर्थ माल यायचा आहे. आणि नमुना कधी विकायचा नाही. नमुना उतरवला की तो माल बंद. खोकं मोडायचं, पुन्हा त्याची वाट बघायची नाही.

हा दुसरा नियम बायकोने एकदाच मोडला होता. एक बाई नवऱ्याचा जुना कोट घेऊन दुकानात आली होती. नवरा वारला होता, कोट मुलाला द्यायचा होता, एक बटण कमी होतं. तसली बटणं संपलेली, फक्त नमुना शिल्लक. बटणवाले म्हणाले, "पुढच्या महिन्यात या." बाई निमूटपणे वळली. तेवढ्यात मागे स्टुलावर बसलेली बायको उठली, कात्रीने खोक्यावरचा नमुना कापला आणि बाईच्या हातात ठेवला. बटणवाले दोन दिवस धुमसत होते. वर कारखान्याने तो माल खरोखरच बंद केला. पुन्हा तसलं बटण त्यांच्या दृष्टीस पडलं नाही. बायको म्हणाली, "मग काय झालं? एकाचा कोट तर पुरा झाला."

तर सोमवारी दिवसभर बटणवाले त्या खोलीत जमिनीवर पाय पसरून बसले. दोऱ्याची रिळं रंगावर लावली. लोकरीचे गुंडे उकलून पुन्हा गुंडाळले. सुया, हुक, इलॅस्टिक, कापडाचे तुकडे, डोळे न लावलेल्या तीन बाहुल्या. सुट्या बटणांचा पत्र्याचा ट्रे चाळून चाळून बोटं काळी झाली. एकसारखी सात बटणं कुठेही सापडली नाहीत.

जेवण झाल्यावर ते सवयीप्रमाणे तासभर लवंडले. उठून पुन्हा खोलीत आले आणि दुकान बंद करताना करत तशी शेवटची नजर कपाटावरून फिरवली.

तेहतीस.

पुन्हा मोजली. मधल्या फळीवर, अगदी हाताशी, एक खोकं जास्त होतं. तोंडावर एक बटण बांधलेलं. नखाएवढं, चार भोकांचं, फिकट. रंग कोणता म्हणावा ते त्यांना सुचेना, आणि बटणाचा रंग न सुचण्याची ती त्यांच्या आयुष्यातली पहिली वेळ. पहाटे दिवा लावावा की नको असं वाटतं, त्या वेळी खिडकीची काच जशी दिसते, तसं काहीतरी.

झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

"सकाळी मोजायला चुकलो," ते मोठ्याने म्हणाले. बेचाळीस वर्षांत मोजायला ते कधीच चुकले नव्हते, पण रिकाम्या खोलीत आपला आवाज ऐकून त्यांना जरा बरं वाटलं.

३

मंगळवारी दुपारी डुलकी काढून ते उठले, तेव्हा त्या खोक्यात एक बटण होतं.

ते त्यांनी चिमटीत धरलं आणि समोरच्या दाताला लावलं. धंद्यातली ही जुनी परीक्षा: शिंपल्याचं बटण दाताला गार लागतं आणि जरा खरखरतं, प्लास्टिकचं गुळगुळीत, कोमट. हे गार नव्हतं, कोमटही नव्हतं. हे ऊबदार होतं. कुणाच्या तरी मुठीतून आत्ताच निघाल्यासारखं.

मग दुसरी परीक्षा. टेबलावर काच होती. तीवर त्यांनी बटण वीतभर उंचीवरून सोडलं.

आवाज आला नाही.

बटण काचेवर पडलं, एक गिरकी घेऊन आडवं झालं, त्यांनी ते उचललंसुद्धा, आणि तेव्हा कुठे आवाज आला. बारीक, स्वच्छ, टक्. आला तो काचेवरून नाही, मागून, कपाटातून. त्या खोक्यातून.

त्यांनी बटण हलक्या हाताने खोक्यात ठेवलं, झाकण लावलं, आणि थेट कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेले. सगळे त्याला मास्टर म्हणत. दोघांची तीस वर्षांची दोस्ती, म्हणजे तीस वर्षं एकमेकांची टिंगल.

"या बटणवाले," मास्टरने मशीन थांबवलं. "अहो, तो शर्ट तरी बदला. बाकी सगळी बटणं पांढरी आणि मधलं एक तपकिरी. बटणांचा व्यापारी म्हणवता आणि हा अवतार?"

"हे तिने लावलंय." बटणवाल्यांचा हात आपसूक छातीवरच्या तपकिरी बटणाकडे गेला. "म्हणाली, दहा शर्टांत तुमचा ओळखू यायला हवा."

"वहिनींचं एकेक ऐकावं." मास्टर हसला, मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. "काय झालं?"

"मास्टर, एक सांग. बटण पडलं आणि आवाज उशिरा आला, असं कधी झालंय तुझ्याकडे?"

"कान तपासा."

"आणि आवाज दुसरीकडूनच आला तर?"

"मग माझेही तपासू. चहा घ्या." मास्टरने खुर्ची पुढे ओढली. "बटणवाले, आठ महिने झाले. एकटे बसता त्या खोलीत. लेक येऊ दे, मग दोघं मिळून आवरा."

चहा घेताना बटणवाल्यांना हे सगळं पटलं. घरी येताना निम्म्या रस्त्यापर्यंत पटत होतं. बुधवारी दुपारी खोक्यात दोन बटणं होती.

४

गुरुवारी ते लवंडले नाहीत.

खोलीबाहेर पॅसेजमध्ये त्यांनी खुर्ची मांडली आणि दार चार बोटं उघडं ठेवलं. मागच्या खिडकीतून ऊन येत होतं, जमिनीवर त्याचा चौकोन पडला होता. घरात नळ टपकत होता. बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. या अशा भर दुपारी कसली भीती वाटायची, असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि तसं बजावावं लागलं याचाच त्यांना राग आला.

तीनच्या सुमारास ट्रे वाजला.

सुटी बटणं ट्रेमध्ये चाळली की एक आवाज होतो. तो त्यांनी जन्मभर ऐकला होता, पण दर माणसाचा वेगळा. पुतण्या फावड्यासारखा हात घालतो. ते स्वतः दोन बोटांनी कडेकडेने चाळत. हा आवाज डावखुऱ्या हाताचा होता. लांब ओढलेला, मग थांबलेला. एक बटण उचलून उजेडात धरायला लागेल तेवढा वेळ शांतता. मग "च्च" असा जिभेचा आवाज, आणि बटण परत ट्रेमध्ये.

बायको डावखुरी होती.

बटणवाले उठले नाहीत. पुन्हा चाळण्याचा आवाज. पुन्हा "च्च". असं पाच-सहा वेळा झालं. आणि मग सातव्या वेळी ते "च्च" आलंच नाही. त्याऐवजी एक हलका "हं", पसंतीचा. हा "हं" दुकानात त्यांना उभ्या जन्मात फार तर दहा वेळा ऐकायला मिळाला असेल.

त्यांनी दार ढकललं.

खोलीत कुणी नव्हतं. ट्रेमधली बटणं मधोमध दुभंगली होती, बोटं फिरली की जशी वाट पडते तशी. आणि ट्रेच्या टोकाला एक लाल बटण उभं राहून अजून गिरक्या घेत होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर ते सावकाश आडवं झालं.

खोक्यात तीन.

त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला, पण पळावंसं वाटलं नाही. त्यांना काय वाटलं ते पुढे मास्टरलासुद्धा नीट सांगता आलं नाही. एवढ्याशा पोरीच्या स्वेटरसाठी कुणीतरी कुठून कुठून एकेक बटण शोधून आणत होतं, नापसंत करत होतं, पुन्हा शोधत होतं. रोज एक. म्हणजे ते केवढं मोठं दुकान असेल, आणि तिथे माल कसा लावला असेल!

त्यांनी खाली पाहिलं. उंबऱ्याबाहेर त्यांच्या चपला होत्या. कधी काढल्या ते त्यांना आठवत नव्हतं.

५

शुक्रवारी चार. शनिवारी पाच. बटणवाले आता हिशेबाने निर्धास्त झाले होते. रविवारी सहा होतील, आणि नमुना धरून सात. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय मोजून गेलो. नमुना धरून. नमुना धरायचा नसतो.

रविवारी दुपारी सहावं आलं. त्यांनी सहाही बटणं घेतली आणि खिडकीपाशी बसून स्वतःच्या हाताने लावली, खालून वर. सुई आत जाताना बटण किंचित थरथरायचं, आणि मग सरळ व्हायचं. गळ्याशी सातवं काज रिकामं राहिलं.

साडेतीनला त्यांनी खोकं पाहिलं. रिकामं. चारला पाहिलं. रिकामं. ट्रे गप्प होता.

"अगं, एक राहिलं," ते म्हणाले.

खोलीत नळाचा आवाज तेवढा येत होता.

सव्वाचारला लेकीचा फोन आला. "बाबा, लवकर पोहोचतोय. अर्धा तास. वारा किती सुटलाय, पोरीचा गळा उघडा आहे. स्वेटर तयार आहे ना?"

"एक बटण राहिलंय."

"मग लावा ना!"

फोन ठेवून ते कपाटासमोर उभे राहिले. खोक्याच्या तोंडावर ते बटण होतं, दोन टाक्यांनी बांधलेलं, पहाटेच्या काचेच्या रंगाचं. हात लांब केला की मिळेल इतकं जवळ.

त्यांना सगळं समजत होतं. नमुना जागेवर राहिला तर खोकं राहील. खोकं राहिलं तर उद्या पुन्हा दुपार होईल, ट्रे वाजेल, "च्च" ऐकू येईल. कदाचित सातवं उद्या येईल, कदाचित परवा. कुणी सांगावं, रोज एक येतच राहील आणि ते पॅसेजमध्ये खुर्ची टाकून मरेपर्यंत ऐकत बसतील. नमुना उतरवला की माल बंद. हा त्यांचाच नियम होता, आणि तो तिने त्यांच्याकडूनच घेतला होता.

"तू मुद्दाम सहाच आणलीस," ते म्हणाले. "मला विचारतेयस होय?"

मग त्यांना ती कोटवाली बाई आठवली, आणि स्टुलावरून उठणारी बायको. कात्री तिच्याच सुईदाणीपाशी होती.

डाव्या हाताने खोकं धरून त्यांनी कात्रीचं टोक दोऱ्याखाली सरकवलं. दोरा सैल होता, कात्रीत येईना. टोक घसरलं, पुन्हा घातलं, पुन्हा घसरलं.

आणि दोरा ताठ झाला.

आतून. झाकण बंद असलेल्या, रिकाम्या खोक्याच्या आतून कुणीतरी दोरा ओढून धरला. एकाला कापायला सोपं जावं म्हणून दुसरा धरतो तसा. जोर अगदी बेताचा, सवयीचा. चाळीस वर्षं दोघांनी मिळून हजारो नमुने बांधले आणि सोडवले होते.

त्यांनी कापला. बटण तळहातावर पडलं, गरम. दोऱ्याची टोकं हळूच आत ओढली गेली आणि पुठ्ठ्यावर सुईची चार भोकं उरली.

त्या भोकांतून उजेड येत होता.

बटणवाल्यांनी खोकं डोळ्यांशी नेलं. भोक सुईएवढं, त्यातून दिसणार ते किती. तरी त्यांना दिसली ती दुपार होती, या खोलीतली नव्हे, कितीतरी जास्त उंच खिडकीतली. आणि फळ्या. एकावर एक, वर वर जाणाऱ्या, कुठे संपतात ते दिसत नव्हतं. प्रत्येक फळीवर खोकी, प्रत्येक खोक्यावर एक नमुना, सगळं जागच्या जागी. एवढा नेटका लावलेला माल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मग उजेडासमोरून काहीतरी सरकलं, स्टुलावरून उठून कुणी कामाला निघावं तसं, आणि भोकं एकेक करून विझली.

झाकण उघडलं. साधा पुठ्ठा. त्यांनी खोकं मोडून सपाट केलं. मग खिडकीशी बसून सातवं बटण लावलं. या खेपेला दोरा त्यांना स्वतःच धरावा लागला.

६

स्वेटर बेतून दिल्यासारखा बसला. लेकीने पोरीच्या गळ्याशी सातवं बटण लावलं आणि बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली.

"ही आईनेच निवडलीत."

"हो."

"तुम्ही निवडली असती तर पांढरी आणली असती."

"शिंपल्याची," ते म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

पाळणा मागच्या खोलीत लागला. कपाट राहू दे, असं लेकच म्हणाली. एवढं सुंदर लावलेलं कुणी हलवतं का? त्यानंतर ट्रे कधी वाजला नाही. बटणवाले दुपारी पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसत, पोर झोपे, तेही पेंगत. पोरगी जागी झाली की मूठ गळ्याशी नेऊन ते बटण धरून ठेवायची, आणि गप्प व्हायची.

दहाएक दिवसांनी एका सकाळी त्यांना शर्ट घालताना छातीशी गार लागलं. मधलं तपकिरी बटण नव्हतं. तुटलं नव्हतं, दोरा स्वच्छ कापलेला होता, कात्रीने, डाव्या हाताच्या तिरप्या कापाने.

ते तसेच मागच्या खोलीत गेले. पोर झोपली होती. खोकी मोजली. मोजता मोजता गुडघे टेकून खाली वाकावं लागलं, कारण तेहतिसावं खोकं तळाच्या फळीवर होतं. सगळ्यांत खाली, सगळ्यांत मागे, सावकाश लागणाऱ्या मालाच्या जागी. तोंडावर त्यांचं तपकिरी बटण, दोन टाक्यांनी बांधलेलं.

झाकण उघडून पाहण्याची गरज नव्हती. तरी त्यांनी पाहिलं. रिकामं.

मग खोकं होतं तिथेच, होतं तसंच मागे सरकवलं.

"बरोबर लावलंस," ते हळूच म्हणाले. "घाई नाही."

तेव्हापासून रोज सकाळी, चहाच्याही आधी, बटणवाले मागच्या खोलीत जातात, कपाटाला धरून खाली वाकतात आणि तळाच्या फळीवर नजर टाकतात. गुडघे कडकड वाजतात. परवा लेकीला ते बघवेना.

"बाबा, रोज काय हो बघता त्या खोक्यात? एवढं वाकू नका. मी ते वर ठेवते, तुमच्या हाताशी."

"नको!"

ते इतक्या जोरात ओरडले की पोर दचकून उठली आणि तिने भोकाड पसरलं. बटणवाल्यांनी पोरीला उचलून खांद्याशी घेतलं, पाठीवर थोपटलं, आणि स्वतःचा आवाज जाग्यावर आणला.

"राहू दे तिथेच," ते म्हणाले. "वाकावं लागतंय ना मला, तोवर बरं आहे."